पुन्हा बारीक झालेली धार

काल फोनवर बोलता बोलता तू आवाज खाली आणलास आणि ‘ताई, ह्यांचं परत पहिल्यासारखं व्हायला लागलंय गं’ एवढंच म्हणालीस. मागून जावईबापूंचा खोकला ऐकू आला आणि तू लगेच पावसाचा विषय काढलास. मी काय ते ओळखलं. म्हणून आज सावकाश लिहून पाठवतेय. दुपारी ते झोपले की वाच, आणि वाचून झालं की त्यांनाही वाचायला दे. ह्यात लपवण्यासारखं काही नाही हे समजायला मला दीड वर्ष लागलं. तुला तेवढं लागू नये.

जावईबापूंसारखंच तुझ्या दाजींचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आठ दिवस येऊन राहिली होतीस. नळी काढल्यावर पहिल्यांदा मोकळी लघवी झाली, तर हे स्वतः वॉर्डाच्या दारापर्यंत चालत येऊन आपल्याला सांगून गेले होते, आठवतं? पुढचे तीन महिने छान गेले. चौथ्या महिन्यात मात्र रोज सकाळी असं व्हायला लागलं, की मी दूध तापत ठेवायचे, हे मोरीत जायचे, दूध वर यायचं, चहा उकळून गाळून व्हायचा, तरी आतून नुसती थेंबांची टपटप. मध्येच कुंथल्याचा आवाज. विचारलं की म्हणायचे, ‘काही नाही, वय झालं.’ एक दिवस धुवायला टाकलेल्या पायजम्यात घडी घातलेला ओला रुमाल सापडला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. तो रुमाल हातात घेऊन मी किती वेळ तशीच बसले होते.

ह्यांना वाटत होतं ऑपरेशन फुकट गेलं, गाठ पुन्हा वाढली, आता पुन्हा पोरांना खर्चात कसं पाडायचं. मला वाटत होतं, पथ्यपाण्यात माझंच काहीतरी चुकलं. दोघंही आपापल्या जागी कुढत राहिलो आणि दोघांचाही समज चुकीचा होता.

आत काय होतं ते नीट समजून घे. लघवीची पिशवी खाली निमुळती होऊन जिथे नळीला मिळते, त्या जागेला डॉक्टर पिशवीची मान म्हणतात, ब्लॅडर नेक. तिला लागूनच खाली प्रोस्टेट, आणि लघवीची नळी ह्या प्रोस्टेटच्या मधोमधून जाते. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी, 20 ग्रॅमच्या आसपास असते. उतारवयात ती वाढते आणि मधली वाट दाबते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, ज्याला सगळे टीयूआरपी म्हणतात, विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने आतला वाढलेला भाग पापुद्रे काढावेत तसा काढतात. मग आत ओली जखम राहते आणि काही आठवड्यांनी तिच्यावर नवं अस्तर येतं. बहुतेकांची जखम नीट भरते. काहींची भरता भरता आकसते. माझ्या मनगटावर लहानपणी गरम तेल सांडलं होतं आणि भरल्यावर कातडी ओढल्यासारखी झाली होती, तो डाग तू पाहिला आहेस. तसंच हे. फक्त इथे जखम गोल कड्यासारखी असते, म्हणून ती आकसली की बटव्याची दोरी ओढावी तसं पिशवीचं तोंड मिटत येतं. म्हणजे गाठ परत वाढलेली नसते, व्रणाचं कडं आवळलेलं असतं.

हे किती जणांना होतं, असं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं. वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात एकाहून कमी इथपासून नऊपर्यंत आकडे आलेले आहेत. आणि गंमत वाटेल, पण मोठ्या गाठीपेक्षा लहान प्रोस्टेटवाल्यांना हा धोका जास्त. ग्रंथी 30 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून लहान असली तर त्या चिंचोळ्या जागेत तारेची आच सगळीकडून लागते. म्हणून अशा माणसाची प्रोस्टेट खरवडून काढण्याऐवजी कधी नुसती चीर देऊन वाट मोकळी करतात. जावईबापूंच्या डिस्चार्ज कार्डावर ग्रंथीचं माप आणि किती ग्रॅम भाग काढला ते लिहिलेलं असेल, जरा बघून ठेव. लेझरने झालं असलं किंवा पोट उघडून झालं असलं, तरी मान आकसू शकते. आणि तुझ्या हातच्या तिखटाने किंवा त्यांनी एखादे दिवशी उचललेल्या पाण्याच्या बादलीने हे झालेलं नाही, एवढं मनातून काढून टाक.

आता माझ्या मनात अजून सलतं ते सांगते. धार बारीक झाली म्हणजे मानच आकसली, असंही नसतं. नळीत पुढे कुठेतरी व्रणाने अरुंदपणा आलेला असू शकतो. प्रोस्टेटचा थोडा भाग मागे राहिलेला असू शकतो. किंवा वाट मोकळी असते, पण वर्षानुवर्षं जोर लावून पिशवीचा स्नायूच थकलेला असतो. बाहेरून सगळ्यांची धार सारखीच बारीक, आणि उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा. आम्ही आधी जिथे गेलो तिथे आत काय आहे ते कुणी पाहिलंच नाही. पाच महिने गोळ्या चालल्या. त्या गोळ्या स्नायू सैल करतात, व्रण सैल करत नाहीत. मग म्हणाले, वाट रुंद करू. धातूच्या सळया एकापेक्षा एक जाड अशा नळीतून घालून वाट ताणायची. तीनदा केलं. दर वेळी दोन-तीन आठवडे बरे जायचे आणि पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याच रात्री ह्यांना हुडहुडी भरून ताप आला, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. जंतू रक्तात गेले होते. चार दिवस सलाइनवर काढले. वाट ताणणं हा उपायच वाईट असं मी म्हणत नाही, एखाद्याचं त्यावर भागतं. पण आत दुर्बीण न घालता, लघवी तपासायला न पाठवता, तेच तेच तीनदा करणं मला आजही पटत नाही. ताणताना व्रण फाटतो, आणि फाटलेला व्रण भरताना आणखी जाड होतो. मी त्या वेळी गप्प बसले ह्याचं मला वाईट वाटतं. तू बसू नकोस.

तेव्हा आधी तपासण्या. पहिली अगदी साधी: एका यंत्राच्या फनेलमध्ये लघवी करायची, धारेचा वेग कागदावर उमटतो. सेकंदाला 15 मिलिलिटरच्या वर वेग असला तर ठीक, 10 च्या खाली गेला तर कुठेतरी अडलंय किंवा जोर कमी पडतोय. ह्यांचा 5 आला होता. ही तपासणी पिशवी पुरेशी भरलेली असतानाच खरी, निदान 150 मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी. जावईबापू लाजून घाईघाईने थोडीशी करून येतील आणि आकडा चुकेल, म्हणून त्यांना आधीच सांग की नीट लागेपर्यंत थांबा. मग लगेच सोनोग्राफी, मागे किती उरली ते बघायला. ह्यांची पावशेराहून जास्त उरत होती, म्हणजे दिवसभर अर्धी भरलेली पिशवी घेऊनच फिरायचं. म्हणून तर सारखं जावंसं वाटायचं, रात्री चार-पाचदा उठणं व्हायचं. सोनोग्राफीत किडन्याही बघून घ्यायच्या, कारण मागचा दाब वर चढला तर किडनीला सूज येते. रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीचं कल्चर. आणि शेवटी दुर्बीण, नाहीतर नळीत औषध भरून काढलेला एक्स-रे. पुढे दुसरीकडे ह्यांची दुर्बीण केली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. चहूबाजूंनी पांढरट, चिवट पडदा आणि मधोमध पेनाच्या रिफिलएवढं भोक. ते बघितल्यावर मला ह्यांचा दीड वर्षाचा प्रत्येक कुंथण्याचा आवाज आठवला. स्नायूच थकला असल्याची शंका असेल तर दाब मोजायची तपासणी असते, युरोडायनॅमिक. ती सांगितली तर टाळू नका. वाट उघडूनही धार आली नाही तर सगळ्यांचाच धीर सुटतो, त्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मानच आकसली आहे हे ठरलं की पहिला नेमका उपाय म्हणजे दुर्बिणीतून त्या कड्याला चीर देणं. पोटावर टाका नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. दुर्बिणीच्या टोकाला बारीक सुरी असते, किंवा विजेवर चालणारं पातं, किंवा होल्मियम लेझरची तार. डॉक्टर त्या गोल तोंडाला घड्याळाची तबकडी समजतात आणि चीर कुठे द्यायची ते तासांवर सांगतात: कुणी 4 आणि 8 वर देतं, कुणी 5 आणि 7, कुणी 3 आणि 9. 6 वर जायचं टाळतात, कारण बरोबर त्याच्या मागे गुदाशय असतो. चीर वरवर देऊन भागत नाही. व्रणाची सगळी जाडी कापून पलीकडची निरोगी चरबी दिसेपर्यंत खोल जावं लागतं, तरच आवळलेलं कडं सुटतं. पापड भाजताना कडेला चीर गेली की तो गुंडाळत नाही, तसं मी मनाशी समजून घेतलं होतं. सुरी बरी की लेझर, ह्यावर डोकं शिणवू नकोस. लेझर म्हटलं की लोकांना हमखास वाटतं, पण माझ्या मते हत्याराच्या नावापेक्षा, हे काम नेहमी करणारा हात महत्त्वाचा. ‘अशा आकसलेल्या माना तुम्ही किती केल्यात?’ हे विचारायला लाजू नकोस. चांगला डॉक्टर राग धरत नाही.

ऑपरेशनआधी लघवीत जंतू असतील तर ते औषधाने घालवून घ्यायचे, ह्याचा आग्रह धर. आमच्या त्या तापाच्या रात्रीनंतर मी हे कुणालाही आधी सांगते. जावईबापूंना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? ती आपल्या मनाने बंद करायची नाही आणि आपल्या मनाने चालूही ठेवायची नाही. हृदयाचे डॉक्टर आणि लघवीचे डॉक्टर ह्या दोघांनी मिळून ठरवायचं, आणि ते तू कागदावर लिहून घ्यायचं. साखर आटोक्यात आणायची, कारण मधुमेहात जखम नीट भरत नाही. आणि ती विडी. माहेरी आल्यावर मागच्या अंगणात ओढतात हे मला ठाऊक आहे. त्यांना सांग, ताई म्हणते, निदान ह्या ऑपरेशनपुरती तरी माझ्यासाठी म्हणून सोडा. विडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोहोचतं आणि व्रण चिवट होतो.

ऑपरेशननंतर नळी काही दिवस राहते. नळीला लावलेल्या पिशवीत गुलाबी लघवी दिसली तर घाबरू नकोस, पाणी पाजत राहा. गडद लाल झाली, गुठळ्या आल्या, नळी वाहायची थांबली, तर मात्र लगेच कळवायचं. नळी काढल्यावर जळजळ होते, एकदम घाई होते, जाईपर्यंत चार थेंब सांडतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत कमी होतं. दोन-तीन आठवडे जड उचलायचं नाही, मोटरसायकलवर खड्ड्यांतून जायचं नाही, शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पोट साफ ठेवायचं.

एक खरं सांगते, आधीच मनाची तयारी असलेली बरी. ह्यांची पहिली चीर टिकली नाही. पाच महिन्यांनी धार पुन्हा बारीक व्हायला लागली. पण ह्या वेळी हे तिसऱ्याच दिवशी मला म्हणाले, ‘अगं, परत होतंय वाटतं.’ मला त्या बातमीचं वाईट वाटलं, आणि ह्यांनी आपणहून सांगितलं ह्याचं समाधानही वाटलं. दुसऱ्यांदा चीर दिली. आज चार वर्षं झाली, मी चहा टाकते आणि हे आधणाला उकळी यायच्या आत बाहेर. पहिल्या चिरेवर बऱ्याच जणांचं भागतं, काहींना दुसरी लागते. म्हणून दुसरी सांगितली म्हणजे सगळं संपलं असं धरू नकोस.

चीर देताना व्रणात इंजेक्शन देण्याबद्दल कुणी बोललं तर त्याचीही माहिती असू दे. स्टिरॉइड देतात, तसंच मायटोमायसिन नावाचं, मूळ कॅन्सरचं औषध देतात, व्रणाच्या पेशी वाढू नयेत म्हणून. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात 18 जणांवर त्याचा चांगला उपयोग दिसला. पण 2015 मध्ये तिथल्याच अनेक केंद्रांनी मिळून आपले रुग्ण मोजले, तेव्हा हे इंजेक्शन दिलेल्या 55 पैकी चौघांना फार गंभीर त्रास झालेला निघाला, काहींची तर लघवीची पिशवीच काढावी लागली. मी तुझ्या जागी असते तर पहिल्या चिरेला हे औषध नको म्हटलं असतं, आणि पुढे कुणी सुचवलं तर फायदा-तोटा दोन्ही त्यांच्याच तोंडून वदवून घेतले असते.

आणि दोन-तीनदा चिरा देऊनही मान मिटतच राहिली तर? तेव्हा पुन्हा पुन्हा तेच करत राहायचं नाही. ह्यांच्या शेजारच्या खाटेवर कडेगावकडचे एक गुरुजी होते. त्यांच्या सहा चिरा झाल्या होत्या, पोटातून बसवलेली नळी आणि पिशवी घेऊन ते वर्षभर फिरत होते. त्यांची मान नव्याने शिवली. त्याला वाय-व्ही प्लास्टी म्हणतात. ओटीपोटातून आत जाऊन मानेवर इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर घेतात आणि शिवताना तिचा व्ही करतात, म्हणजे पिशवीच्या चांगल्या भिंतीची एक जीभ त्या आवळलेल्या जागेत येऊन बसते. आपण चोळीच्या काखेत कळी घालतो ना कापड पुरत नाही तेव्हा, तसं. व्रण ताणत बसण्याऐवजी निरोगी कापडच आणून जोडायचं. ह्याचंच टी-प्लास्टी म्हणून एक रूप आहे, त्यात अशा दोन जिभा आणतात. काही ठिकाणी आता हे रोबोच्या मदतीने, छोट्या छिद्रांतून करतात. मोठं ऑपरेशन आहे, नळी जास्त दिवस राहते, आणि ह्यात मुरलेला सर्जन शोधावा लागतो, मोठ्या शहरात जावं लागतं. पण असा रस्ता आहे हेच गुरुजींना सहा चिरांपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची बायको माझ्याजवळ रडली होती.

कॅन्सरसाठी सगळी प्रोस्टेट काढलेल्यांची जोडणीची जागा आकसते, ते प्रकरण वेगळं, आणि रेडिएशनचा शेक घेतलेल्यांचं त्याहून अवघड. तेव्हा गल्लीतल्या कुणाच्या अनुभवावरून जावईबापूंचं भविष्य ठरवू नका.

तू मला विचारणार नाहीस म्हणून दोन गोष्टी मीच सांगते. एक, लघवीवरचा ताबा. तो मुख्यतः मानेच्या खाली असलेल्या दुसऱ्या स्नायूवर असतो. चीर देताना त्याला जपतात, पण मोठ्या शिवणीत आणि वारंवारच्या चिरांत गळतीचा धोका असतो, तो आधी विचारून घ्यायचा. दुसरं, तुमचं दोघांचं. पहिल्या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. चीर दिल्यावरही तसंच राहतं. त्यात अपाय काही नाही, ते लघवीवाटे निघून जातं. ताठरपणा ह्या चिरेने सहसा जात नाही. पुरुष ह्या भीतीने मुकाट सोसत राहतात आणि बाया विचारायची लाज धरतात. तू डॉक्टरांसमोर विचार, नाहीतर त्यांना एकट्याने विचारू दे, पण विचारू दे.

काढे, गोखरू, सातूचं पाणी, धन्या-जिऱ्याचं पाणी. सासूबाई देतात ते प्रेमाने देतात, त्यांना दुखवू नकोस. पण व्रणाचं कडं कशाने विरघळत नाही, म्हणून त्यापायी तपासणी लांबवू नकोस. सर्दी झाली तर मात्र दुकानातून परस्पर गोळी आणू नकोस. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी आधीच अडलेली लघवी पुरती तुंबते. आणि रात्री उठावं लागतं म्हणून ते दिवसभर पाणी तोडत असतील तर तसं करू देऊ नकोस, संध्याकाळनंतर कमी करा. ओटीपोट तटतटून आलं, जोर देऊनही थेंब येत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढून दवाखाना गाठायचा. तिथे नळी जात नसेल तर कुणाला जबरदस्तीने रेटू द्यायची नाही. अशा वेळी पोटातून नळी घालून पिशवी रिकामी करता येते, ते रेटण्यापेक्षा सुरक्षित असतं.

पैशाचं म्हणशील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचार, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेव.

आजपासून तीन दिवस एक काम कर. मापाचं प्लास्टिकचं भांडं मोरीत ठेव आणि एक वही. किती वाजता, किती झाली, रात्री कितीदा उठले, एवढंच त्यांनी लिहायचं. ती वही, डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून मंगळवारी सकाळच्या एसटीने दोघं या. मी स्टँडवर असेन, आमच्या डॉक्टरांकडे नंबर मी लावून ठेवते.

आणि आज रात्री जेवणं झाली की दाजी फोन करणार आहेत. मी काही शिकवलेलं नाही, तेच म्हणाले, मी बोलतो त्यांच्याशी. तू फोन त्यांच्या हातात दे आणि भांडी आवरायला आत जा. बराच वेळ बोलतील, मध्ये येऊ नकोस.